मधमाशीचे होकायंत्र

भुदरगड तालुक्यात पाटगाव हे गाव आहे. मौनी महाराजांच्या मठामुळे ते पूर्वीपासून ओळखीचे. आता त्याला ‘मधाचे गाव’ असेही म्हणतात. तिथले लोक सातेरी माश्या पेटीत पाळतात. आग्या माशी पेटीत राहत नाही, हे तुम्हांला सांगायला नकोच.

सातेरीची पेटी उघडून बघा. आत पोळी एकाशेजारी एक लटकलेली दिसतात. पेटीत आपण चौकटी देतो, म्हणून ती सरळ असतात. पण झाडाच्या ढोलीत चौकट कोण देतो? तिथे काळोख. गवंडी नाही, दोरी नाही, ओळंबा नाही. हजारो माश्या एकदम मेण लावतात. तरी पोळी एकाच दिशेने उभी राहतात. हे कसे होते?

जर्मनीत लिंडाउअर आणि मार्टिन नावाचे दोन संशोधक होते. त्यांनी माश्यांचा एक थवा गोल पेटीत ठेवला. गोल पेटीला कोपरा नसतो, आत उजेडही नव्हता. तरी माश्यांनी जुन्या घरात ज्या दिशेने पोळी होती, त्याच दिशेने नवी बांधली. पुढे दुसऱ्यांनीही असे प्रयोग केले. चुंबकाची दिशा फिरवली, तशी पोळ्यांची दिशाही फिरली. म्हणजे माशीला चुंबक कळतो!

चुंबक कुठला? आपली पृथ्वीच एक मोठा लोहचुंबक आहे. होकायंत्राची सुई उत्तर-दक्षिण राहते ती त्यामुळेच. हा जोर फार नाजूक असतो. कपाटाच्या दाराला लावतात तो लहानसा चुंबकसुद्धा जवळून त्याच्या कितीतरी पट जोराचा असतो.

हा जोर मोजण्याचे काम आपल्याकडे फार जुने आहे. मुंबईत कुलाब्याला 1841 पासून ते होत असे. पुढे मुंबईत विजेची ट्राम येणार असे ठरले. विजेच्या प्रवाहाने मोजणी बिघडली असती. म्हणून 1904 साली हे काम अलिबागला नेले. मोजणीचे घरही लोखंड न वापरता बांधले. लोखंड आणि वीज जवळ असली की होकायंत्र फसते, हे लक्षात ठेवा. पुढे त्याचे काम आहे.

मधमाशी नाचते, हे तुम्ही ऐकले असेल. फुलांचा पत्ता सांगायला ती पोळ्यावर अंग थरथरवत चालते. फुले सूर्याच्या बाजूला असली तर सरळ वर चालते. सूर्याच्या उजवीकडे असली तर तेवढीच उजवीकडे कलते. या नाचात थोडी चूक राहते. लिंडाउअर आणि मार्टिन यांनी 1968 मध्ये दाखवले, की ही चूक पृथ्वीच्या चुंबकाशी जोडलेली आहे. तारांची वेटोळी लावून त्यांनी पेटीपुरता तो जोर मोडून काढला, तेव्हा चूक जवळजवळ नाहीशी झाली.

1978 मध्ये अमेरिकेत माशीच्या पोटात लोहचुंबकी खनिजाचे बारीक कण सापडले. त्यांनीच दिशा कळते की आणखी कशाने, यावर संशोधकांचा वाद चालूच आहे.

आता कामाची गोष्ट. पेटीवरून विजेची मोठी तार जात असेल तर? अमेरिकेत 7 लाख 65 हजार व्होल्टच्या तारेखाली पेट्या ठेवून बघितले. हा प्रयोग 1981 मध्ये छापून आला. तारेखालच्या पेट्यांचे वजन कमी वाढले, काही वसाहतींत राण्या गेल्या. मग पेटीवर तारेची जाळी घातली आणि ती जमिनीला जोडली. त्रास थांबला. अशी जाळी विजेचा ताण अडवते, चुंबकाचा जोर अडवत नाही. म्हणजे तिथे दोष चुंबकाचा नव्हता. पेटीच्या आत माश्यांना विजेचे बारीक झटके बसत होते.

मग चुंबक अगदी निर्दोष समजायचा का? तसेही नाही. 2018 मध्ये इंग्लंडमधल्या संशोधकांनी प्रयोगशाळेत माश्यांवर विजेच्या तारांजवळ असतो तसला चुंबकी जोर सोडला. त्या माश्या वास ओळखायला कमी शिकल्या, त्यांच्या उडण्यातही फरक पडला. फळांवरच्या चिलटांवर याहून पुष्कळ जोराचा चुंबक लावला, तर त्यांनी अंडी कमी घातली आणि पिल्लेही जास्त मेली. एवढा जोर शेतात नसतो. पण वाढत्या जिवावर चुंबकाचा परिणाम होऊ शकतो, एवढे यातून कळते.

पेटीच्या खिळ्यांची काळजी नको, जगभर माश्या खिळ्यांच्या पेटीतच नांदतात. उच्च दाबाची तार आणि रोहित्र यांपासून मात्र पेटी लांब ठेवावी, जागा असेल तितकी लांब. कोणी म्हणेल, “पेटीखाली चुंबक ठेवा, मध वाढेल.” त्याला विचारा, कुठे मोजलेत?

तार हलवणे आपल्या हातात नसते. फवारणीची वेळ ठरवणे मात्र असते. पाटगावच्या माशीला तारेपेक्षा औषधाची भीती जास्त, असे आम्हांला वाटते. फुलोऱ्यातल्या पिकावर फवारायचेच असेल तर माश्या घरी परतल्यावर, दिवस मावळताना फवारावे. आणि शेजाऱ्याच्या पेट्या असल्या तर त्याला आदल्या दिवशी सांगावे, म्हणजे तो पेट्या लांब नेऊन ठेवील.