घोरणे, श्वासयंत्र आणि समजूत

घोरणारा माणूस गाढ झोपला आहे, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात झोपेत घशाचे स्नायू सैल पडून श्वासमार्ग बंद होतो, दहा सेकंद वा अधिक काळ श्वास थांबतो, रक्तातील प्राणवायू घटतो. तासाला ३० किंवा अधिक वेळा असे झाल्यास विकार तीव्र समजतात. मग दिवसा पेंग येते. वाहनचालकाची पेंग तर इतरांच्याही जिवावर बेतते.

ऑस्ट्रेलियातील डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ मध्ये यावर सीपॅप उपचार मांडला. मास्कमधून येणाऱ्या हवेच्या दाबाने घसा उघडा राहतो. परंतु अनेकांचे यंत्र लवकरच कपाटात जाते. हा केवळ आळस नव्हे, असे आमचे मत आहे. नाक कोरडे पडल्यास ह्युमिडिफायर जोडता येतो, हवा गळत असेल तर मास्कचे माप बदलता येते, दाब हळूहळू वाढविण्याची सोय असते, हे कित्येकांना कोणी सांगितलेलेच नसते! 'यंत्राची सवय लागेल' ही भीती वेगळीच. चष्म्याची लागते, तेवढीच ही लागते.

२०२० च्या कॉक्रेन आढाव्यात, माहिती व आधार दिल्यास यंत्राचा वापर वाढतो, असे आढळले. रात्री किमान चार तास, शंभरातील सत्तर रात्री, हे पुरेशा वापराचे रूढ माप आहे.

सुरुवातीला दिवसा वर्तमानपत्र वाचताना मास्क लावून बसावे. त्रास झाल्यास पहिल्याच आठवड्यात मास्कसह डॉक्टरांकडे जावे. घरचे माणूसही सोबत न्यावे; रात्री थांबलेला श्वास त्यानेच पाहिलेला असतो, रुग्णाने नव्हे.