चाल कुणाची?

भाची : मामा, मुंबईला एनसीपीएत चेंबर ऑर्केस्ट्रा ऐकायला चालले. अमेरिकी वळणाचं संगीत आहे, एकल वादन सेलोचं. चेंबर म्हणजे लहान ताफा ना?

मामा : हो, मोठ्या ऑर्केस्ट्रात ऐंशी-शंभर वादक, यात तीस-चाळीस. अमेरिकी संगीतकार कोपलंडनं १९४४ मध्ये ‘अ‍ॅपलेशियन स्प्रिंग’ तर तेराच वाद्यांसाठी लिहिलं. ते राहू दे. ड्वोर्झाक आहे का?

भाची : आहे. ‘अमेरिकन’ ही मूळची चार तंतुवाद्यांची चौकडी, आणि सेलोसाठी ‘सायलेंट वुड्स’. पण तो तर चेक होता!

मामा : होताच. १८९२ मध्ये न्यूयॉर्कच्या नॅशनल कॉन्झर्व्हेटरीचा संचालक म्हणून गेला, १८९५ मध्ये परतला. तिथं हॅरी बर्ले नावाचा कृष्णवर्णीय विद्यार्थी त्याच्या घरी जाऊन गाणी म्हणायचा. गुलामांची गाणी, बर्लेनं आजोबांकडून ऐकलेली. पैसे भरून गुलामीतून सुटलेला माणूस तो, पुढं दृष्टीही गेली. १८९३ च्या उन्हाळ्यात ड्वोर्झाकनं आयोवातल्या स्पिलव्हिल गावी ही चौकडी लिहिली. सुरुवातीला व्हायोला वाजते ती ऐक. भूपाचेच पाच स्वर.

भाची : म्हणजे भूप राग?

मामा : स्वर म्हणालो मी, राग नाही! इतकी वर्षं गाणं शिकतेस ना?

भाची : बरं. पण मग त्यानं त्या लोकांची गाणी उचललीच की.

मामा : उचलली नाहीत. वळण घेतलं, चाल स्वतःची बांधली.

भाची : आणि ज्यांचं वळण, त्यांना काय मिळालं?

मामा : १८९३ मध्येच त्यानं वर्तमानपत्रातून जाहीर सांगितलं, की अमेरिकेचं संगीत कृष्णवर्णीयांच्या गाण्यांच्या पायावर उभं राहिलं पाहिजे. पुष्कळांना झोंबलं ते. आपल्याकडं कोण सांगतो असं? दिवाळीनंतर मंडई म्हणजे गावची जत्रा भरते, रात्रभर दंडार हे आपलं लोकनाट्य चालतं. आमच्या गावच्या दंडारीची एक चाल एकानं कॅसेटवर स्वतःच्या नावानं छापली. साकोलीच्या हरिश्चंद्र बोरकरांनी दंडारीवर लिहिलं म्हणून निदान कागदावर तरी...

भाची : मामा, बर्लेचं काय झालं?

मामा : मोठा झाला. ती गाणी पियानोच्या साथीनं बांधून स्वतःच्या नावानं प्रसिद्ध केली, ‘डीप रिव्हर’ १९१७ ची. संगीतकारांना मानधन मिळवून देणारी संस्था १९१४ मध्ये निघाली, तिच्या पहिल्या सभासदांत तो होता.

भाची : तो शिकलेला होता. आजोबांना काय मिळालं?

मामा : काही नाही.

भाची : मग मी कशी ऐकू ती चौकडी?

मामा : ऐकायचीच, आणि कुणाच्या गळ्यातून आली ते माहीत असू दे. ‘सायलेंट वुड्स’ मात्र बिनघोर ऐक. ते बोहेमियातल्या, त्याच्या स्वतःच्या मुलखातल्या जंगलावरचं. न्यूयॉर्कमध्ये बसून सेलो आणि ऑर्केस्ट्रासाठी मांडलं एवढंच. सेलो पुरुषाच्या गळ्याच्या पट्टीत बोलतो, खर्जात उतरतो तिथं लक्ष दे.

भाची : आणि दंडारीची ती चाल, ती बांधली कुणी?

मामा : बांधणारे गेले. त्यांच्यामागं टाळ धरणारे एक आजोबा अजून आहेत. गाडी उद्या रात्रीची ना? सकाळी जाऊ त्यांच्याकडं. मोबाइल चार्ज करून ठेव, आणि गाणं नंतर, आधी बांधणाऱ्याचं नाव-गाव विचारून लिहून घे.