टोमॅटोचा हंगाम आणि फ्ल्यूची साथ

जुलै-ऑगस्टमध्ये नारायणगावचा टोमॅटो बाजार तुम्ही पाहिला आहे काय? जुन्नर-आंबेगावच्या शेतकऱ्यांची वाहने क्रेट भरून येतात. व्यापारी फळे हातात घेऊन भाव ठरवतात, हमाल क्रेट ट्रकमध्ये चढवतात आणि ट्रक परराज्याच्या वाटेला लागतात. माणसांची अशी सरमिसळ ज्या महिन्यांत होते, त्याच महिन्यांत आपल्या भागात इन्फ्ल्युएन्झाचे, म्हणजे फ्ल्यूचे, रुग्ण सर्वांत जास्त आढळतात. युरोपात फ्ल्यू हिवाळ्यात येतो. आपल्याकडे त्याचा मुख्य जोर पावसाळ्यात असतो. म्हणून फ्ल्यूची लस घ्यावयाची तर ती पावसाळ्यापूर्वी घेतलेली बरी.

दरवर्षीचा फ्ल्यू आणि जगभर पसरणारी महासाथ यांत मात्र मोठा फरक आहे. इन्फ्ल्युएन्झा 'ए' या विषाणूची आनुवंशिक माहिती एका सलग धाग्यात नसते, ती आठ तुकड्यांत असते. आठ सुट्या पानांची वही समजा. डुकराच्या श्वसनमार्गातील एकाच पेशीत दोन निरनिराळे विषाणू एकदम शिरले, तर दोन्ही वह्यांची पाने मिसळतात आणि एखादी नवीनच वही बांधली जाते. आपल्या शरीराने ती पूर्वी वाचलेली नसते, त्यामुळे तिच्याविरुद्धची प्रतिकारशक्ती बहुतेकांजवळ नसते. 2009 सालचा एच1एन1 विषाणू असाच होता. त्याचे तुकडे मुळात पक्षी, माणूस आणि डुक्कर अशा तिघांकडून आलेले होते.

मुंबईची 1918 मधील साथ

10 जून 1918 रोजी मुंबईत पोलिसांचे सात शिपाई तापाने रुग्णालयात दाखल झाले. त्यांपैकी एकाची नेमणूक गोदीत होती. पुढच्या दहा-बारा दिवसांत गोदी कामगार, बँक, तारखाते, टांकसाळ, कापड गिरणी येथील माणसे आजारी पडली. ही यादी नीट पाहा. साथ शहरात शिरली ती कामाच्या ठिकाणांवाटे. पहिली लाट सौम्य होती, म्हणून लोक निर्धास्त झाले. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये दुसरी लाट आली ती भयंकर होती. मुंबईत 6 ऑक्टोबरच्या एका दिवसात 768 मृत्यू नोंदले गेले. त्या साली पाऊसही फसला होता. देशभरात एक कोटीहून अधिक माणसे दगावली, आणि त्यांत वीस ते चाळीस वयाची, म्हणजे घर चालवणारी माणसे फार होती.

2009 मध्ये पाळी पुण्यावर आली. जुलैत पाचगणीच्या एका निवासी शाळेत साथ पसरली. 3 ऑगस्टला पुण्यात चौदा वर्षांच्या एका विद्यार्थिनीचा मृत्यू झाला. या साथीतील तो भारतातला पहिला मृत्यू होता. शहरातल्या शाळा बंद झाल्या, तपासणीसाठी रांगा लागल्या. त्या रांगांत साधा सर्दी-खोकला झालेला आणि खरोखर फ्ल्यू झालेला, दोघेही शेजारी शेजारी उभे राहत. आधी न ठरवलेली व्यवस्था ऐन वेळी अशी उलटी पडते.

थोडे गणित

एका रुग्णाने दोघांना रोग दिला आणि एका फेरीला तीन दिवस लागले असे धरू. दहा फेऱ्यांनंतर, म्हणजे महिनाभराने, नव्या रुग्णांची संख्या दोनचा दहावा घात, म्हणजे 1024 होईल. आता भेटीगाठी कमी करून, मास्क लावून आणि आजाऱ्याला घरी ठेवून हेच प्रमाण 1.2 वर आणले, तर दहाव्या फेरीत सुमारे 6 नवे रुग्ण येतील. साथ थांबली नाही, पण दवाखान्याच्या आवाक्यात राहिली.

2020 च्या कोविडमुळे मास्क आणि अंतर हे शब्द आपल्या परिचयाचे झाले आहेत. परंतु फ्ल्यू त्याहून घाईचा आहे. लागण झाल्यापासून एक ते चार दिवसांतच लक्षणे दिसतात, आणि लक्षणांच्या आदल्या दिवसापासूनच रोगी इतरांना रोग देऊ शकतो. संपर्कातील माणसे शोधत बसण्यास वेळ उरत नाही. तयारी आधीच हवी ती याकरिता.

दूध थांबत नाही

दूध संकलन केंद्राचेच उदाहरण घ्या. सकाळ-संध्याकाळ दूध येणारच. गाय-म्हैस साथ पाहून दूध देत नाही. फॅट मोजणारा आणि हिशेब ठेवणारा माणूस बहुधा एकच असतो. तो आठवडाभर अंथरुणाला खिळला तर गावाचे दूध कोठे जाईल? दुसऱ्या कुणाला ते काम आजच शिकवून ठेवणे, एवढीच ही तयारी आहे आणि तिला खर्चही नाही. खोडदच्या रेडिओ दुर्बिणीचे थोडेफार काम दुरून संगणकावर करता येईल. उसाचे तसे नाही.

विघ्नहर आणि भीमाशंकर या दोन सहकारी साखर कारखान्यांच्या परिसरात गळिताच्या हंगामात बाहेरून ऊसतोडणी मजूर येतात. कोप्या एकमेकींना लागून असतात आणि मजुरी तोडलेल्या टनावर मिळते. एक दिवस पडून राहिले की त्या दिवसाची मजुरी गेली. असा माणूस ताप लपवणारच, आणि माझ्या मते त्यात त्याचा दोष नाही. आजारपणाच्या दिवसांचे काय करावयाचे हे कारखाना, मुकादम आणि मजूर यांनी हंगाम सुरू होण्यापूर्वी ठरवले, तर ते साबणाच्या शंभर पेट्यांहून अधिक उपयोगी पडेल. साबण नको असे नव्हे. विषाणूभोवती चरबीयुक्त आवरण असते, ते साबणाने फुटते.

पश्चिमेकडील आहुपे, तळेघर, घाटघर या बाजूंच्या वाड्यांची अडचण वेगळी आहे. भरपावसात रस्ता बंद पडला की मंचरचे रुग्णालय फार दूर होते. ओसेल्टॅमिव्हिर हे औषध पहिल्या 48 तासांत दिले तर अधिक गुण येतो. म्हणून औषधाचा साठा आणि ऑक्सिजनची सोय पावसाआधी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात पोचलेली हवी. धाप लागणे, ओठ निळसर होणे, ताप उतरून पुन्हा चढणे ही लक्षणे घरातल्या प्रत्येकाला माहीत असावीत. गरोदर स्त्रिया, वृद्ध, दमा किंवा मधुमेह असलेली माणसे यांना धोका अधिक असतो, तेव्हा वाडीत अशी कोण आहेत याची यादी आशाताईंकडे तयार असावी.

करून पाहा

वर्गातील प्रत्येकाने काल आपण कोणाकोणाच्या हातभर अंतरात आलो ते आठवून लिहावे. शिक्षकांनी फळ्यावर प्रत्येक विद्यार्थ्यासाठी एक वर्तुळ काढावे. बाजार, एसटी, दूध केंद्र, देऊळ, शिकवणी यांनाही वर्तुळे द्यावीत आणि भेटीगाठींच्या रेषा जोडाव्यात. ज्या वर्तुळातून सर्वांत जास्त रेषा निघतात ते शोधा. मग एकेक वर्तुळ पुसून पाहा, आणि कोणते पुसल्यावर फळ्यावरचे जाळे सर्वांत आधी तुटते ते वहीत लिहून ठेवा.