थकलेला सेवक आणि देवाची नवी दृष्टी



धर्मग्राम परिषदेची सभा संपते, खुर्च्या उचलायला दोघेच उरतात आणि त्यातला एक जण हळूच म्हणतो, "पुढच्या वेळी माझं नाव घालू नका." हे वाक्य आपण अनेकदा ऐकले आहे. आपल्यापैकी काहींनी ते स्वतः उच्चारलेही आहे. सणाची तयारी, धर्मशिक्षणाचे वर्ग, गायनवृंदाचा सराव, आजाऱ्यांच्या भेटी, सगळीकडे तेच ते चेहरे. सुरुवातीचा उत्साह ओसरतो, कोणीतरी टोचून बोलते आणि मनात प्रश्न उभा राहतो : हे सारे कशासाठी?

अशा वेळी आम्हां कार्यकर्त्यांना संदेष्टा एलिया फार जवळचा वाटतो. त्याची कथा आपण रविवारच्या मिस्सेत तुकड्यातुकड्यांनी ऐकतो. सामान्य काळातील एकोणिसाव्या रविवारी 'ब' वर्षी त्याला मिळालेली भाकर आणि 'अ' वर्षी त्याने ऐकलेला मंद स्वर, तर 'क' वर्षी तेराव्या रविवारी अलीशाचे पाचारण. आज आपण ही कथा सलग वाचू या. घरातील बायबल जवळ घ्यावे आणि १ राजे, अध्याय १९ उघडावा.

१. विजयानंतरचा थकवा

आदल्याच अध्यायात कर्मेल डोंगरावर देवाने एलियाच्या प्रार्थनेला अग्नीने उत्तर दिले होते. बआलचे संदेष्टे हरले, तीन वर्षांचा दुष्काळ संपून पाऊस आला. आता सारे बदलेल असे त्याला वाटले असेल. पण बदलले काहीच नाही. ईजबेल राणीने त्याला जिवे मारण्याची धमकी दिली आणि हा धाडसी माणूस पळाला. बैर-शेबा येथे त्याने आपल्या सेवकालाही मागे ठेवले. एक दिवसाची वाट चालून तो रानात एका रतामाच्या झुडपाखाली बसला आणि त्याने मरण मागितले.

येथे एक गोष्ट ध्यानात घेऊ. एलिया आळशी नव्हता की अविश्वासू नव्हता. तो थकला होता. सेवेत थकणे हे पाप नाही. मात्र थकलेल्या मनाने काढलेले निष्कर्ष खरेच असतात असेही नाही.

२. आधी भाकर, मग आज्ञा

देवाने त्याला रागे भरले नाही. त्याला झोपू दिले. दूताने स्पर्श करून उठवले तेव्हा उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई होती. तो जेवला आणि पुन्हा झोपला. दूत दुसऱ्यांदा आला, कारण पुढची वाट त्याच्या शक्तीपलीकडची होती. त्या अन्नाच्या बळावर तो चाळीस दिवस व चाळीस रात्री चालून होरेब पर्वतापर्यंत पोहोचला.

भाकर देवाची होती, पण चालायचे पाय एलियाचेच होते. देवाच्या सामर्थ्यावर विसंबणे म्हणजे हात जोडून स्वस्थ बसणे नव्हे. आपल्या शक्तीचा हिशेब संपतो तेथे त्याच्या अन्नावर पुढचे पाऊल टाकणे, हा त्याचा अर्थ. आपल्यासाठी ती भाकर वेदीवर आहे. वेदीभोवतीच्या कामांची धावपळ करताना त्याच वेदीवरील भाकरीसाठी आपण किती वेळा मनापासून भुकेले असतो?

३. चुकलेली मोजदाद

होरेबवर सोसाट्याचा वारा सुटला, भूकंप झाला, अग्नी आला. त्यांत परमेश्वर नव्हता. कर्मेलवर अग्नीने उत्तर देणारा देव येथे मंद, कोमल स्वरात आला. कालची पद्धत आज तशीच चालेल असे नाही, हे एलियाला शिकावे लागले. आपणही मागच्या एखाद्या गाजलेल्या सणाची किंवा भरगच्च मेळाव्याची आठवण उराशी धरून बसतो आणि आजची कुजबुज ऐकायचे राहून जाते.

देवाने एलियाला तो तेथे काय करीत आहे असे दोनदा विचारले. दोन्ही वेळा त्याने एकच गाऱ्हाणे मांडले : मी एकटाच उरलो आहे. पण हे खरे नव्हते. राजवाड्याचा कारभारी ओबद्या याने शंभर संदेष्ट्यांना गुहांमध्ये लपवून अन्नपाणी पुरवले होते आणि ही गोष्ट त्याने स्वतः एलियाला सांगितली होती (१ राजे १८:१३). एलियाने ती ऐकली, पण दुःखाच्या भरात विसरला. देवाने त्याचा आकडा दुरुस्त केला : बआलपुढे गुडघे न टेकलेले सात हजार जण इस्राएलात होते.

नवी दृष्टी म्हणजे नेहमी नवी योजनाच असते असे नाही. कधी कधी ती केवळ बरोबर केलेली मोजदाद असते. रात्रपाळी करून मिस्सेला येणारा बाप, अंथरुणाला खिळूनही धर्मग्रामासाठी जपमाळ करणारी आजी, शेजारच्या वृद्धाचे औषध न सांगता आणून देणारा तरुण, यांची नावे आपल्या सभेच्या हजेरीपुस्तकात नसतात. देवाच्या हजेरीत ती आहेत.

४. तीन कामे आणि एक सोबती

मग देवाने एलियाला तीन कामे दिली : हजाएलाला अरामाचा राजा, येहूला इस्राएलाचा राजा आणि अलीशाला संदेष्टा म्हणून अभिषेक करणे. पुढचा इतिहास पाहा. हजाएल राजा होणार हे त्याला सांगितले अलीशाने (२ राजे ८) आणि येहूचा अभिषेक केला अलीशाने पाठवलेल्या एका तरुणाने (२ राजे ९). एलियाने स्वतः केले ते एकच काम. नांगर धरलेल्या अलीशाच्या खांद्यावर त्याने आपला झगा टाकला. त्या एका कामातून उरलेली दोन्ही पार पडली.

आमच्याशिवाय होणार नाही, असे म्हणणारा पुढारी थकणारच. आपला झगा दुसऱ्याच्या खांद्यावर टाकणारा विसावतो आणि कार्यही पुढे जाते. आपल्या काळात हे आपण पाहिले आहे. ११ फेब्रुवारी २०१३ रोजी पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी वाढत्या वयामुळे शक्ती उणी पडत असल्याचे सांगून पदत्याग जाहीर केला. २७ फेब्रुवारीच्या आपल्या अखेरच्या जाहीर भेटीत त्यांनी भाविकांना सांगितले की ख्रिस्तसभेची नौका आपली नसून प्रभूची आहे आणि तो ती बुडू देणार नाही. हा पराभव नव्हता, श्रद्धा होती.

आपल्यासाठी

प्रत्येक सभेपूर्वी पंधरा मिनिटे पवित्र साक्रामेंतासमोर शांत बसू या. थकलेल्या कार्यकर्त्याला दोष न देता काही काळ विश्रांती देऊ या. आणि आपल्यापैकी प्रत्येकाने या वर्षी एक तरी अलीशा शोधू या.

समूहात चिंतनासाठी
१. आपले रतामाचे झुडूप कोणते? तेथे आपल्याला भाकर कोणी आणून दिली?
२. आपल्या मोजदादीतून कोण सुटले आहे?
३. कोणते काम आपण सोडायला तयार नाही? का?

प्रार्थना
हे प्रभो, ही ख्रिस्तसभा तुझी आहे. आम्ही थकतो तेव्हा आम्हांला तुझी भाकर दे, एकटे पडतो तेव्हा आमचे बंधुभगिनी दाखव आणि योग्य वेळी आमचा झगा उतरवण्याचे धैर्य दे. आमेन.