संशय आणि पुरावा : रक्ताच्या एका कुपीचा प्रवास

आपला वर्धा जिल्हा दारूबंदीचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. सेवाग्रामच्या या भूमीत १९७० च्या दशकापासून दारूविक्रीस मनाई आहे. तरीही दारू सापडते आणि ती पिणारेही सापडतात. अशा वेळी एक मूलभूत प्रश्न उभा राहतो. अमुक मनुष्य दारू प्यालेला आहे, हे कोणी आणि कशाच्या आधारे ठरवायचे? हा प्रश्न वरवर पाहता रसायनशास्त्राचा वाटतो. वस्तुतः तो न्यायाचा आहे.

इतिहासाचा विद्यार्थी या प्रश्नाकडे एका विशिष्ट दृष्टीने पाहतो. इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा केला आणि काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविले. त्यांच्यातील व्यक्तीने काय केले याची चौकशी होण्याआधीच तिच्यावर संशयाचा शिक्का बसत असे. हा कायदा १९५२ साली रद्द झाला. परंतु मनातील शिक्का कायद्याबरोबर पुसला जात नाही. म्हणूनच ज्याच्याकडे समाज आधीच संशयाने पाहतो, त्याला वस्तुनिष्ठ पुराव्याची गरज इतरांहून अधिक असते.

तोंडाचा वास, अडखळती चाल, विस्फारलेल्या बाहुल्या, असंबद्ध बोलणे ही मद्यपानाची लक्षणे मानली जातात. परंतु आजारी, घाबरलेला किंवा अपघातात मार लागलेला मनुष्यही अडखळतो. महाराष्ट्रातून गेलेल्या एका मोटारअपघाताच्या खटल्यात १९७१ साली सर्वोच्च न्यायालयाने हेच लक्षात घेतले. आरोपीच्या रक्ताची वा लघवीची तपासणी झालेली नव्हती. केवळ अशा बाह्य लक्षणांवरून तो नशेत होता असा निष्कर्ष काढण्यास न्यायालयाने नकार दिला.

मग रक्ताची तपासणी कशी होते? महाराष्ट्र दारूबंदी अधिनियमाच्या (पूर्वीचा मुंबई दारूबंदी अधिनियम १९४९) कलम ६६ नुसार रक्तात ०.०५ टक्के किंवा त्याहून अधिक मद्यार्क आढळला, म्हणजे १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम, तर आपण औषधासारख्या अनुज्ञेय पदार्थातून तो घेतला हे सिद्ध करण्याचा भार आरोपीवर येतो. वाहनचालकासाठी मोटार वाहन कायद्याची मर्यादा आणखी कडक, म्हणजे १०० मिलिलिटरमध्ये ३० मिलिग्रॅम इतकी आहे. एका आकड्यावर एवढा भार पडत असेल, तर तो आकडा निर्दोष रीतीने मिळाला पाहिजे.

याकरिता १९५९ सालच्या नियमांत प्रत्येक पायरी लिहून ठेवली आहे. नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाने उकळत्या पाण्यात निर्जंतुक केलेली पिचकारी वापरावी. त्वचा निर्जंतुक पाण्याने पुसावी. कोणत्याही टप्प्यावर स्पिरिटचा स्पर्श होऊ देऊ नये, कारण स्पिरिट हाही मद्यार्कच आहे. शिरेतील किमान ५ घनसेंटिमीटर रक्त घ्यावे. कुपीत रक्त गोठू न देणारे आणि टिकवणारे द्रव्य असावे. टिकवणारे द्रव्य नसेल, तर सूक्ष्मजंतू रक्तातील साखरेपासून कुपीतच मद्यार्क तयार करू शकतात! म्हणजे न प्यालेला मनुष्यही प्यालेला ठरू शकतो. शेवटी कुपीवर चिठ्ठी लावून ती मोहोरबंद करावी आणि सात दिवसांच्या आत तपासणी अधिकाऱ्याकडे पोहोचवावी.

या शेवटच्या पायरीचे महत्त्व खानदेशातील एका मोटारअपघाताच्या खटल्याने दाखवून दिले. १९६३ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यात असे नोंदविले की, कुपी रासायनिक परीक्षकाच्या कार्यालयात पोहोचेपर्यंत कोणाच्या ताब्यात होती आणि तिच्यात फेरफार होऊ नये म्हणून कोणती काळजी घेतली गेली, याचा पुरावाच समोर नाही. प्रयोगशाळेतील परीक्षण कितीही अचूक असले, तरी कुपीच्या प्रवासातील एक कडी निखळली की अहवालाचे बळ जाते.

विदर्भातील असे बरेच नमुने नागपूरच्या प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत जातात. मद्यार्क मोजण्याच्या जुन्या पद्धतीत पोटॅशियम डायक्रोमेटचा नारिंगी रंग मद्यार्कामुळे हिरवा होत जातो; आज वायू वर्णलेखन यंत्राने अधिक नेमके मोजमाप होते. अमली पदार्थांच्या बाबतीत परीक्षण दोन टप्प्यांत होते. प्रथम रंगपरीक्षण. मार्क्विस द्रावणात अफूजन्य पदार्थ जांभळा रंग देतात. पण रंग केवळ दिशा दाखवितो, म्हणून दुसऱ्या स्वतंत्र पद्धतीने खात्री करावी लागते. वनस्पती ओळखण्यातही बारकावा आहे. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानुसार गांजा म्हणजे भांगेच्या झाडाचे फुलोऱ्याचे वा फळधारी शेंडे. शेंड्यांविना असलेली नुसती पाने किंवा बिया गांजा ठरत नाहीत. वजनही महत्त्वाचे. १ किलोपर्यंतचा गांजा अल्प प्रमाण, तर २० किलोंपेक्षा अधिक असल्यास व्यापारी प्रमाण मानले जाते. त्यावर शिक्षेची वर्षे ठरतात.

अहवालाच्या मर्यादाही ध्यानात ठेवल्या पाहिजेत. शरीर मद्यार्क सतत नष्ट करीत असते. त्यामुळे नमुना घेण्यास उशीर झाला, तर दोषी मनुष्य सुटू शकतो. रक्तात किती मद्यार्क आहे हे यंत्र सांगते. तो का घेतला आणि त्या घरावर काय ओढवले, हे ते सांगत नाही.

विद्यार्थी मित्रांनो, पंचशीलातील पाचवे शील आपण स्वतः पाळावयाचे आहे. दुसऱ्याकडे बोट दाखविण्याचे ते साधन नव्हे. आपल्या वस्तीतील कोणाचे रक्त घेतले गेले, तर स्पिरिट वापरले काय, कुपी समोर मोहोरबंद केली काय, नोंद झाली काय, हे प्रश्न विनयाने परंतु निर्भयपणे विचारा. तुमच्यापैकी ज्यांना रसायनशास्त्राची गोडी आहे, त्यांनी नागपूरच्या शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्थेचा विचार अवश्य करावा. ज्यांच्यावर पिढ्यान्‌पिढ्या पुराव्याविना आरोप झाले, त्यांची मुले पुरावा तपासणाऱ्या टेबलाशी बसलेली पाहणे, ही आम्हा शिक्षकांची मोठी आकांक्षा आहे.