चतुःसीमा : खरेदीखतातील आणि नकाशातील

घरात जुने खरेदीखत असेल तर त्यातील चतुःसीमेचा परिच्छेद काढून वाचा. ‘पूर्वेस सार्वजनिक रस्ता, दक्षिणेस अमक्याचे घर, पश्चिमेस ओढा, उत्तरेस बोळ’ अशी त्याची रचना असते. मिळकतीची हद्द येथे शेजाऱ्यांच्या आधारे सांगितली जाते. शेजारचे घर विकले गेले किंवा ओढ्याने पात्र बदलले, की वाक्य तेच राहते. अर्थ मात्र सरकतो.

शेतजमिनीला सातबारा असतो. गावठाणातील बहुतेक घरांना तसा अभिलेख नव्हता. ग्रामपंचायतीचा नमुना आठ हा कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नव्हे. त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या नांदते घरही बँकेकडे तारण ठेवणे कठीण जाई.

ही उणीव भरून काढण्यासाठी केंद्र शासनाने २४ एप्रिल २०२० रोजी स्वामित्व योजना सुरू केली. पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुक्याच्या सोनोरी गावात ड्रोनद्वारे मोजणीचा प्रयोग तत्पूर्वीच झाला होता. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या ड्रोनने टिपलेल्या छायाचित्रांवरून १:५०० प्रमाणाचा नकाशा तयार होतो. म्हणजे नकाशावरील एक सेंटीमीटर हा जमिनीवरील पाच मीटर. हद्दीचा प्रत्येक कोपरा अक्षांश-रेखांशांनी निश्चित होत असल्याने शेजारी कोण, यावर तो अवलंबून राहत नाही. मात्र जमीन हा राज्यसूचीतील विषय आहे. देशाचा एकसंध नकाशा राज्यांचे अभिलेख जोडूनच उभा राहू शकतो आणि प्रत्येक भूखंडाचा चौदा अंकी भू-आधार क्रमांक हा त्यासाठीचा दुवा होय.

या प्रक्रियेतील निर्णायक पायरी, आमच्या मते, ड्रोन उडण्यापूर्वीची आहे. भूमापन कर्मचारी, ग्रामपंचायत अधिकारी आणि मिळकतधारक घरोघर फिरून चुन्याने हद्दी आखतात. ड्रोनला छप्पर दिसते, चुना दिसतो. पागोळ्यांखालची हातभर जागा कोणाची, सामाईक भिंत कोणाच्या वाट्याची, बोळातून वहिवाट कोणाची, हे त्याला दिसत नाही. नोकरीनिमित्त मुंबईस राहणारा भाऊ, किंवा कोणत्याच कागदावर नाव नसलेली विधवा भावजय चुना पडताना हजर नसेल, तर चुकीची रेषाही तितक्याच अचूकपणे नकाशात उतरते. यासाठीच पुढे चौकशी व हरकतींची संधी ठेवलेली आहे. मिळकत पत्रिका त्यानंतर तयार होते. हरकतीचा अर्ज मात्र शब्दांतच लिहावा लागतो, आणि तेथे ‘माझी थोडी जागा गेली’ या वाक्याचा काहीही उपयोग नसतो. कोणती बाजू, कोणत्या खुणेपासून किती फूट आणि कशाच्या आधारे, हे त्यात यावे लागते.

स्वाध्याय : आपल्या घराची चतुःसीमा कोणाही शेजाऱ्याचे नाव न वापरता चार वाक्यांत लिहा. कोणत्या दिशेची हद्द लिहिताना आपणांस घरातील वडीलधाऱ्यांना विचारावे लागले, तेही नमूद करा.