ऑर्फियस मागे वळून पाहतो तेव्हा

ऑपेराचा जन्म एका गैरसमजातून झाला, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही. ग्रीक शोकांतिका आरंभापासून अखेरपर्यंत गायिली जात असे, असे सोळाव्या शतकातील विद्वान जिरोलामो मेई याचे मत होते. (वृंद गात असे हे खरे, पण पात्रांचे बरेचसे संवाद बोललेच जात, असे आज अभ्यासक मानतात.) फ्लॉरेन्समधील रसिकांनी हे मत उचलून धरले. गॅलिलिओचे वडील व्हिन्चेंझो त्यांपैकीच एक.

१६०० साली तेथील पिट्टी प्रासादात पेरीचा ‘युरिडिची’ झाला. प्रसंग राजघराण्यातील विवाहाचा! साहजिकच मागे वळून न पाहण्याची अटच वगळली गेली आणि ऑर्फियसला मृत पत्नी परत मिळाली. मॉन्तेव्हेर्दीच्या ‘ऑर्फेओ’त (१६०७) तो वळतो, तिला गमावतो, मात्र १६०९ च्या छापील प्रतीत अपोलो त्याला स्वर्गात नेतो. ग्लुकने १७६२ मध्ये प्रेमदेवतेकरवी तिला पुन्हा जिवंत केले. ग्रीकांचे गाणे हवे होते, त्यांचे दुःख मात्र या मंडळींना पेलले नाही.

तरीही ग्लुकचा ऑर्फियस पत्नीला दुसऱ्यांदा गमावून जे गातो ते ऐकावे. ते आपल्या बिलावलासारख्या शुद्ध स्वरांत आहे, आणि तरी ऐकताना पुढच्या सुखान्ताची आठवणही राहत नाही.